विमलकाकूनं धरलेले नंबर

मी पहिलेच सांगून ठेवते, माहा स्वभाव तापट हाय. आमच्या घरचे, लखनराव, त्यायले कोणी माह्याबद्दल विचारलं तं म्हणतेत, "बाई चांगली हाय, फक्त बोलायच्या आधी चहा पाजा." तं आता चहा पिऊनच बसली हाय. तरी मधी आवाज चढला तं समजून घ्या, कारण ही गोष्ट त्या तीन आठवड्यायची हाय जवा एका लोखंडी डब्यानं माह्या नाकी नऊ आणले होते.

डबा म्हंजे आमच्या दफ्तरातला सर्व्हर. आदिलाबादच्या अंगाले मावला नावाचं गाव हाय, तिथं आमच्या शेतकरी कंपनीचं दफ्तर. पहिले कापसाचा हंगाम लागला की वजनकाट्यावर गाड्यायच्या रांगा लागत, लोकं दोन-दोन दिवस गाडीखाली झोपत. ते बंद व्हावं म्हणून आमी टोकन सुरू केलं. शेतकरी जमिनीचं पट्टा पासबुक घेऊन येते, काऊंटरवर विमलकाकू कंप्युटरमधी त्याचं कार्ड उघडते अन् टोकन छापून देते. टोकनवर दिवस अन् वेळ. त्या वेळेले गाडी आणा, वजन करा, घरी जा.

याचं सारं सॉफ्टवेअर मी लिहलं. मी मंजुषा, दफ्तरात मले मंजूबाई म्हणतेत. सहा वर्षं झाले. अन् पहिल्या बटणापासून शेवटच्या बटणापर्यंत सारं मराठीत लिहलं, ते विमलकाकूसाठी. काकूचं वय सत्तावन्न, शिक्षण मराठी शाळेत दहावी. तेलुगू अशी बोलते की तेलुगू माणसानं ऐकत राहावं, पण वाचता येत नाई. इंग्रजीतलं तं एंटर सोडून काही नाई. पण काऊंटरवर बसली की दोनशे माणसं हसत हसत वाटेले लावते. अकरा वर्षं झाले, त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं मी पाह्यलं नाई.

तं दिवाळी झाली, हंगाम लागला, अन् सर्व्हर मरायले लागला. रोज. दुपारी साडेबाराले. पहिले हळू होये, मंग एका टोकनले दोन-दोन मिनिटं लागत, अन् मंग एकदम ठप्प. मी मागच्या खोलीतून धावत येई, बंद करी, चालू करी, त्यात पंधरा मिनिटं जात. रांग पार फाटकाबाहेर. एखादा हमखास म्हणे, "मॅडम, तुमचं कंप्युटर जेवाले गेलं का?" मले असा राग येये, असा राग येये! पण बोलू का? खरंच तं होतं.

आमचे अध्यक्ष वामनराव, तलमडुगुचे. धोतर-टोपीतला माणूस, आवाज कधी चढवत नाईत, म्हणून मले त्यायचा जास्त राग येते. भांडावं तं कसं? एका बुधवारी मले बोलावलं अन् हळूच म्हणाले, "मंजूबाई, पुढच्या गुरुवारी मीटिंग हाय. हैदराबादच्या एका कंपनीचा माणूस त्यायचा प्रोग्राम दाखवाले येऊन राह्यला. तुमचं सॉफ्टवेअर मंगळवार-बुधवार दोन दिवस न मरता चाललं तं तुमचंच ठेवू. नाई तं त्यायचं घेऊ."

"त्यायचं मराठीत हाय का?"

"तेलुगू अन् इंग्रजी. विमलबाईले फाटकावर बसवू, गाड्या मोजाले. अन् अजून एक. बिघाड कशानं झाला ते मले लेखी पायजे. कोनाच्या हातून झाला त्याच्या नावासकट. मिसल-फाईलीत लावतो."

"नाव कायले?"

"ज्याच्या हातून झालं त्याले त्या कामावरून काढू. नाई तं पुढच्या साली पुन्हा तेच."

काकू तिथंच उभी होती, दस्तखताले रजिस्टर घेऊन आलेली.  दुपारी डबा खातांना म्हणते, "मंजू, फाटकावर नाई वो बसत मी. त्यापेक्षा घरी जाईन. पण घरी का करू? सून पोळपाटाले हात लाऊ देत नाई. म्हनते, आई तुमी आराम करा. अवो, आरामानं मानूस मरते."

असं म्हणून तिनं मले लसणाची चटणी वाढली अन् हसली.  ते हैदराबादवालं आलं तं माहं काही नाई, मी दुसरं काही लिहीन. काकूची खुर्ची गेली तं ते माह्या हातून गेली, असं मले वाटत होतं.

आता बिघाड का होता ते मले पहिल्याच दिवशी कळलं होतं. मेमरी लीक. सर्व्हर काम कराले थोडी जागा घेते, त्याले मेमरी म्हणतेत. काम झालं की जागा मोकळी केली पायजे. पण एखादा प्रोग्राम जागा घेते अन् सोडतच नाई. लग्नाच्या पंगतीत लोकं जेवून झाले अन् उठलेच नाईत, तं दुसरी पंगत कुठं बसन? तसं. म्हणजे रोग कळला होता. पण पंगतीतून उठत नाई तो कोण, ते कळत नव्हतं.

पहिले मी जागाच वाढवून पाह्यली. नागपूरहून मेमरीची अजून एक पट्टी मागवली, बसवली. सर्व्हर साडेबाराच्या जागी तीन वाजता मेला. म्हंजे लीकच, शंकाच नाई. कितीही जागा द्या, खाऊन टाकतेच.

मंग माहा संशय मेसेजवर. टोकन निघालं की शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जाते, ते काम दुसऱ्या कंपनीचं हाय. मी त्या कंपनीच्या माणसाले फोन करून असं झापलं, असं झापलं, की तो बिचारा शेवटी म्हणे, "मॅडम, आपण सांगाल तसं." मी त्याचं काम पूर्ण एक दिवस बंद ठेवलं. सर्व्हर तरी मेला. मंग मले त्याची माफी मागा लागली. माफी मी "बरं बरं, तुमचं नव्हतं" इतकीच मागते, जास्त नाई.

मंग वही काढली. दर पाव तासाले मेमरी किती भरली ते लिहून ठेवायचं. शुक्रवार, शनिवार दोन दिवस लिहलं अन् एक गोष्ट पाहून डोस्कंच गरगरलं. संध्याकाळी मी सर्व्हर बंद-चालू करून रिकामा ठेवून जाते, सकाळी साडेआठले येते. फाटक नऊले उघडते. पण साडेआठलेच मेमरी अर्ध्यावर भरलेली! एकही शेतकरी आत आला नाई, एकही टोकन निघालं नाई, अन् सर्व्हर अर्धा भरला?

रविवारी दफ्तर बंद राह्यते. मी गेली, सर्व्हर नव्यानं चालू केला अन् दिवसभर त्याच्यासमोर बसली. लखनरावायनं डबा आणून दिला, म्हणाले, "मले वाटलं सुट्टीच्या दिवशी तरी माह्यावर चिडशीन." संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मेमरी केसभर वाढली नाई. तवा पक्कं झालं. सॉफ्टवेअर आपलं आपण गळत नव्हतं. कोणीतरी काहीतरी करून राह्यलं होतं, अन् ते मी यायच्या आधी होत होतं.

सोमवारी मी सव्वासातलेच मागच्या खोलीत येऊन बसली. लाईट नाई लावला.

साडेसातले काकू आली. फाटकाच्या माणसाशी तेलुगूत दोन शब्द बोलली. फोटोसमोर उदबत्ती लावली, टेबल पुसला अन् आपला कंप्युटर चालू केला. माह्या पडद्यावर एक आकडा होता, किती कार्डं उघडी हायत त्याचा. रविवारी दिवसभर तो शून्य होता. आता तो झाला तीन. मंग चाळीस. मंग एकशे दहा. मी डोळे चोळले. दोनशे त्रेचाळीसवर थांबला.

तवाच बाहेर काकूचा मोबाईल वाजला. "हाव, बाबाराव. धरला, धरला तुमचा नंबर. साडेधाच्या बसनंच या, धावपळ नका करू."

आकडा झाला दोनशे चव्वेचाळीस.

मी खुर्ची मागं लोटून बाहेर आली. काकू दचकली. "अगो माय, तू कवा आली?"

"काकू, हे का करून राह्यल्या?"

"नंबर धरून राह्यली." असं म्हणली जसं काही मीच वेडी.

मी तिच्या पडद्यावर पाह्यलं. वरच्या पट्टीवर एकाला एक लागून इतके टॅब उघडे होते की अक्षर दिसत नव्हतं, नुसत्या उभ्या रेघा. एका टॅबमधी एका शेतकऱ्याचं कार्ड. दोनशे चव्वेचाळीस शेतकरी.

"हे पाहाय," काकू समजावून सांगायले लागली. "मावल्याची लोकं पायी पाच मिनटात येतेत. सात वाजल्यापासून फाटकावर. तलमडुगुच्या तिकडचा मानूस पहिल्या बसनं निंगाला तरी साडेधाच्या आत पोचत नाई. तवरोक जवळच्या तारखा संपल्या राह्यतेत. मंग या सालापासून ते मले सकाळी फोन करतेत. आता बसमधी आपन का करतो? खिडकीतून दस्ती-रुमाल टाकतो, जागा धरतो. तसंच हे. फोन आला की त्याचं कार्ड उघडून ठेवते. ज्याचा फोन पहिले, त्याची दस्ती पहिले. मंग एक टोकन समोर उभ्याले, एक टोकन दस्तीवाल्याले. कोनाची मुरवत नाई, पाह्यजो तू."

"अन् दोनशे चव्वेचाळीस? रोज इतके फोन येतेत?"

"नाई वो. रोज वीस-पंचवीस. पन सारेच कुठं येतेत? कोनाची बस चुकते, कोनाचा कापसाचा वेचा राह्यते. त्यायचे तसेच ठेवते. सकाळी कंप्युटर विचारते ना, कालचे परत उघडू का म्हनून? मी हो म्हनते."

"जे आलेच नाईत त्यायचे काऊन ठेवता? काढून टाकायचे ना!"

काकूनं माह्याकडं असं पाह्यलं की मले वाटलं मी काहीतरी भलतंच बोलली. "न विचारता कोनाची दस्ती कशी उचलावं, मंजू? बसमधी उचलतो का आपन?"

झालं. माहं डोस्कं फिरलं. तीन आठवडे! तीन आठवडे मी लोकायचे टोमणे खाल्ले, त्या मेसेजवाल्याले झापलं, रविवार घालवला, अन् हे दिवाळीपासूनच्या दस्त्या सांभाळून राह्यली! अन् एक-एक कार्ड म्हंजे नुसतं नाव नाई. पासबुकाचे फोटो, शेतकऱ्याचा फोटो, सहा वर्षाचे जुने टोकन, सारं त्या कार्डासोबत सर्व्हरच्या मेमरीत येऊन बसते. मी काय काय बोलली ते आता सांगत नाई. बाहेर फाटकाच्या माणसानं रेडिओ बंद केला इतकंच सांगते.

काकूनं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. तो वाजत राह्यला, तिनं उचलला नाई. मंग माऊस हातात घेतला अन् डावीकडून एक-एक कार्ड बंद कराले लागली. पण नाव वाचून.

"हे बापूजीचं. काढू?"

"काढा."

"हे शकुबाईचं. एकलीच येते, गुडघे दुखतेत तिचे. काढू?"

"काढा म्हणलं ना!"

"हे राहीबाईचं. हे वामनरावचं."

"कोणते वामनराव?"

"आपलेच. अध्यक्ष. सकाळी फोन येते त्यायचा. म्हनतेत, विमलबाई, माहाही धरून ठेवा, पन कोनाले सांगू नका."

मी तिच्याकडं पाह्यलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ती नुसती पुढचं नाव वाचून राह्यली होती. "हे चंदनभाऊचं." चंदनभाऊ आमच्या संचालकायपैकी. मले हसू आलं. आवरेना. पोट धरून हसली मी, डोळ्यात पाणी आलं. राग असा गेला की कुठं गेला ते कळलं नाई.

काकू मात्र हसली नाई. "म्हंजे मंजू, मीच बंद पाडलं तं सर्व्हर. मीच माह्या खुर्चीले लात मारली." तिनं माऊस सोडला. "लिही माहं नाव कागदावर. तुहं सॉफ्टवेअर तरी वाचन. ते मराठीत हाय, माह्या मांगून येईन त्याले कामी पडन."

माहं हसू तिथंच थांबलं. मी म्हणलं, "थांबा जरा, मी पाह्यते," अन् आत गेली.

आत जायाचं कारण एक होतं. कोणीही कार्ड उघडं ठेवलं तरी सर्व्हरनं थोड्या वेळानं ते आपलं आपण सोडलं पायजे. सगळ्याच प्रोग्राममधी ही सोय राह्यते. माह्यात काऊन नाई? मी माहंच लिहलेलं उघडलं अन् शोधलं. सोय होती. वीस मिनिटं हात नाई लागला तं कार्ड बंद. पण ती ओळ बंद करून ठेवलेली, अन् तिच्या बाजूले माह्याच हातची टीप: तात्पुरतं बंद. नंतर पाहू. तारीख दोन वर्षं जुनी.

अन् मले सारं आठवलं. याच शकुबाई. काऊंटरसमोर पिशवीत पासबुक शोधून राह्यल्या होत्या, सापडता सापडत नव्हतं, तेवढ्यात कार्ड बंद झालं अन् त्यायले परत रांगेच्या शेवटी जा लागलं. त्या रडल्या होत्या. मले माह्याच सॉफ्टवेअरचा राग आला अन् मी रागाच्या भरात ती सोय बंद करून टाकली. नंतर पाहू म्हणलं. अन् पाह्यलं नाई. दुसरी चूकही माहीच. नंबर धराले नुसतं नाव पुरे होतं, पण मी आळसानं एकच मोठं कार्ड बनवलं अन् साऱ्या कामाले तेच वापरलं. मले खरंच लाज वाटली. काकूवर इतकी ओरडली अन् पंगत उठू न देणारी तं मीच.

बाहेर आली. काकू अजून नावं वाचून राह्यली होती, आता मनातल्या मनात.

"काकू, काढू नका," मी म्हणलं. "एका कागदावर लिहून घ्या सारे. नाव, गाव, फोन कवा आला ते. मी तुमाले दस्तीचं बटण देते."

त्या सोमवारी मी जेवली नाई. ते वीस मिनिटाचं परत चालू केलं, पण आता कार्ड मिटलं तरी माणसाची जागा जात नाई, नाव दाबलं की होतं तिथून पुढं सुरू. अन् दस्त्यायची वेगळी यादी बनवली. एका माणसाची एक ओळ, नाव-गाव-वेळ. अशा हजार ओळी ठेवल्या तरी सर्व्हरले पत्ताही लागणार नाई. मी म्हणलं, संध्याकाळी जे आले नाई ते आपोआप पुसले जातीन. काकूनं मान हलवली, नाई म्हणजे नाई.

"पहिले विचारा लागन त्यायले."

"काकू, कंप्युटर हाय तो!"

"तं कंप्युटरनं विचारावं."

मंग तेही बनवलं. संध्याकाळी मेसेज जाते: आज तुमी आले नाई, नंबर उद्या ठेवावा का? एक दाबलं तं ठेवते, दोन दाबलं तं काढते, अन् काहीच नाई दाबलं तं काकू सकाळी फोन करते. अन् जुन्या दोनशे चव्वेचाळीस जणायले तिनं त्याच दिवशी विचारलं, टोकन देता देता, मान अन् खांद्याच्या मधी मोबाईल धरून. बहुतेक लोकायचा कापूस कवाच विकून झाला होता. एक माणूस यवतमाळले लेकीकडं जाऊन बसलेला. तो म्हणे, "बाई, अजून धरून ठेवला होता का? उचला माय, उचला."

मंगळवारी साडेबाराले मी अन् काकू दोघी पडद्यासमोर उभ्या राह्यलो. बारा एकतीस झाले. बारा पस्तीस. मेमरी पावभरही भरली नव्हती. एक वाजला तवा काकूनं माह्या पाठीत जोरानं थाप मारली, अजून दुखते. बुधवारही तसाच गेला. दफ्तर बंद होईपर्यंत सर्व्हर हूं का चूं नाई.

राह्यला तो कागद. बुधवारी चार वाजता मी कोरा कागद घेऊन बसली. कोणाच्या हातून झालं, नावासकट. काकूचं नाव लिहलं तं खुर्ची गेली, सॉफ्टवेअर वाचूनही गेली. अन् ते खरंही नव्हतं. तं मंग माहं लिहायचं. अन् तुमाले खोटं वाटन, पण ते लिहायले मले एक तास लागला. माही चूक, हे दोन शब्द मी लग्नाच्या बावीस वर्षात लखनरावायले नाई म्हणले. तीन कागद फाडले. शेवटी लिहलं: वापर झालेली कार्डे मोकळी करण्याची सोय मी दोन वर्षांपूर्वी बंद केली व पुन्हा सुरू केली नाही, त्यामुळे सर्व्हर बंद पडत होता. चूक माझी आहे. मंजुषा. काढायचं असन तं काढा मले, म्हणलं.

गुरुवारी मीटिंग. वामनराव अन् चार संचालक टेबलाभोवती. हैदराबादचा माणूस लॅपटॉप उघडून तयार, मोठा सभ्य माणूस, मले नमस्कार केला. मी अन् काकू भिंतीजवळ. वामनरावायनं माहा कागद हळूहळू वाचला. मोठ्यानं. 

काकू उठली. "हे अर्धंच हाय," ती म्हणली. "सोय हिनं बंद केली, पन कार्डं उघडे मी ठेवले. दोनशे चव्वेचाळीस. नंबर धराले. माहं नाव लिहा खाली." अन् कोणी काही म्हणायच्या आत तिनं कागद ओढला, माह्या नावाखाली गोल गोल अक्षरात लिहलं, विमलबाई, अन् पेन ठेवला.

वामनराव म्हणाले, "कोनाचे नंबर धरत होत्या?"

मी तोंड उघडलं. काकूनं माहा हात असा दाबला की बांगडी रुतली. "लोकायचे," ती म्हणली. "दूरच्या लोकायचे."

वामनरावायनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.  मंग हैदराबादच्या माणसाले हिंदीत विचारलं, "तुम्हारे प्रोग्राम में कोई आदमी फोन करके नंबर पकड के रख सकता क्या?"

"नहीं साहब. जो हाजिर है, उसी को टोकन. सिस्टम के लिए सब बराबर."

"हमारे गाँव से पहली बस साढ़े दस को आती."

"वो तो बस का प्रॉब्लेम है साहब."

वामनरावायनं मान हलवली. मंग कागद आपल्याकडं ओढला अन् पेन उचलला. काकूच्या नावाखाली लिहलं अन् लिहता लिहता मोठ्यानं म्हणत गेले, "वामनराव, तलमडुगु. रोज सकाळी फोन करत होतो."

चंदनभाऊ खुर्चीत हलले. खोकलले. "इकडं द्या तो कागद," म्हणाले. त्यायनं लिहलं. त्यायच्या बाजूच्यानं हात पुढं केला, त्यानं लिहलं. त्याच्या बाजूच्यानंही लिहलं. पाचव्याले खाली जागा उरली नाई, त्यानं कागद आडवा करून समासात दस्तखत केली. हैदराबादचा माणूस आमच्याकडं पाहून राह्यला होता, त्याले वाटलं असन ठरावावरच सह्या चालू हायत.

वामनरावायनं कागद उचलून दूर धरला, साती नावं वाचली. त्यायचा आवाज तसाच, हळू.

"ज्याच्या हातून झालं त्याले कामावरून काढायचं, असं मीच म्हनलं होतं," ते म्हणाले. "तं आता दफ्तरालेच कुलूप लावा लागन. इथं एकही मानूस उरत नाई."

 पहिले चंदनभाऊ हसले, मंग सारे, अन् हैदराबादच्या माणसालेही समजून सांगितलं तवा तो असा हसला की चहा सांडला त्याच्या हातून. वामनरावायनं कागद मिसलीत लावला, मिसल बांधली अन् म्हणाले, "विमलबाईची खुर्ची हाय तिथंच राह्यते. पुढचा विषय."

मी काकूकडं पाह्यलं. तिचे डोळे भरले होते, पण ती माह्याकडं पाहतच नव्हती, ती भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहून राह्यली होती.

"अध्यक्षसाहेब, मी जाऊ का?" ती म्हणली. "साडेधाची बस आली असन."